एकाच पेनानं लिहिलेली वही

पारोळा,
रविवार, रात्री

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो नाना, बरी आहे नाना" याच्या पलीकडे जात नाहीस आणि मीही "जेवलीस का"च्या पुढे सरकत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. हेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर वरच्या दोन ओळी वाचून तू अंगठा पाठवला असतास.

चंपाषष्ठीला आली होतीस तेव्हाचं सांगतो. शेतात पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजायला टाकली होती. तू उकिडवी बसून कांद्याची पात चिरत होतीस. तुझ्या आईनं मिरच्या मागितल्या, तशी तू उठायला गेलीस. आधी हात जमिनीला टेकला, मग डावा पाय बाजूला लांब केला आणि सगळा भार उजव्यावर घेऊन उठलीस. आजीचं लक्ष तुझ्या गालांकडे होतं. "पोर दुबयी हुई गयी, तुमना कालेजमा खावाले देतस का नही?" म्हणाली, सगळे हसले, विषय तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात पाणी तापवत होतो, तर तू माडीवरून भिंतीला हात लावून उतरताना दिसलीस, लहान मुलं उतरतात तशी, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. मी दिसलो आणि शेवटच्या तीन पायऱ्या तू पटापट उतरलीस. काय झालं विचारलं तर म्हणालीस, "काही नाही, झोप उतरली नाही अजून."

त्याच दिवशी तुझी सरावाची वही पलंगावर उघडी पडलेली दिसली. मी ती वाचली. न विचारता वाचली, ही माझी चूक, कबूल. पण आता वाचलीच आहे, तर बोलू दे.

वही छान आखली आहेस. तारीख, अंतर, वेळ, सकाळची नाडी, दुखणं. एवढे रकाने तर आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरलाही नव्हते. पण दिवाळीपासून पुढची सगळी पानं एकाच निळ्या पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेली आहेत. अक्षर आधी सरळ, मग उजवीकडे झुकत गेलेलं, शेवटी हात दुखल्यावर येतं तसं फराटेवजा. नाडी ५८, ५८, ६०, ५८. दुखणं "नाही", आणि त्याखाली नुसती वर-सारखंची टिंबं. भाऊबीजेच्या तारखेला ८ किलोमीटर लिहिलंय. बेटा, भाऊबीजेला तू घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतंस. दिवसभर मावशीच्या पोरांबरोबर पत्ते कुटत बसली होतीस आणि संध्याकाळी माझ्याच ताटातली शेवभाजी खाल्लीस.

तीस वर्षं मी लॅबमध्ये काढली. सर पोरांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही करत, पण गठ्ठे लावायचं काम माझं. कोणत्या पोरानं प्रयोग केला आणि कोणी आदल्या रात्री उतरवून काढला, ते मी वही नुसती चाळून सांगायचो. खऱ्या जर्नलला डाग असतो. पोटॅशियम परमँगनेटचा तपकिरी ठसा, कुठं आम्लानं खाल्लेला कोपरा, मध्येच पेन संपलं म्हणून पेन्सिलीनं लिहिलेलं रीडिंग. टायट्रेशनची, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडून मोजायच्या प्रयोगाची, तीन रीडिंग ९.७, ९.८, ९.८ अशी आली तर पोरगं ब्युरेटच्या नळीपाशी उभं होतं असं समजावं. पानापानावर ९.८, ९.८, ९.८ दिसलं, की ते कॅन्टीनमध्ये होतं.

आता एक गोष्ट सांगतो. घरात कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या आईलाही नाही.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत लॅबमधला माणूस पोरांना ओळखायला दिलेलं सॉल्ट हळूच सांगतो, हे तुझ्याही कानावर आलं असेल. मीही सांगितलंय. पैसे घेतले नाहीत, पण चहा प्यायलोय. एका वर्षी आपल्या बाजूच्या खेड्यातलं एक पोरगं होतं, रोज सायकलीनं यायचं, हुशार नव्हतं पण कष्टाळू. मी बाटल्या पुसत त्याच्या टेबलाजवळून गेलो आणि "अमोनियम" एवढंच पुटपुटलो. त्यानं बिचाऱ्यानं एकही टेस्ट केली नाही. सोडियम हायड्रॉक्साइड टाकून तापवल्यावर उग्र वास आला, नेसलरच्या द्रावणानं तपकिरी पीपीटी, म्हणजे साका, आली, सगळं पाठ होतं तसं उतरवून टाकलं. त्या दिवशी सकाळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाटल्यांचे नंबर बदलले होते. मला पत्ता नव्हता. त्यांनी पोराला एवढंच विचारलं, "तपकिरी पीपीटी आली ना? मग परीक्षानळी दाखव." त्याच्या स्टँडवरच्या सहाही नळ्या कोरड्या होत्या.

त्यानं माझं नाव घेतलं नाही. नापास झाला, पुन्हा बसला नाही. आज तो केळीच्या गाड्यांवर हिशेब लिहितो. रावेरकडून येताना कधी ढाब्यावर भेटला की "नमस्कार सर" म्हणतो. मी सर कधीच नव्हतो. त्याच्या त्या नमस्काराला काय उत्तर द्यावं ते मला अजून जमत नाही.

तुझी वही बघितली आणि त्या कोरड्या नळ्या आठवल्या. ते पोरगं परीक्षकांना फसवत होतं. ही वही बघून तुझे कोच उद्याचा सराव ठरवतात. ५८ नाडी आणि दुखणं नाही असं वाचल्यावर ते तुला आणखी दोन फेऱ्या देणारच, त्यांचा काय दोष? विश्रांती कमी पडली की सकाळची नाडी चढी लागते, म्हणून तर तो रकाना आखलाय. हे मला तूच समजावून सांगितलंस, उन्हाळ्यात ओट्यावर बसून. तेव्हा असंही म्हणाली होतीस, की दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे नव्हे, ते तर तासाभरात रक्तातून निघून जातं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, तिचं ते दुखणं. मी ते दुसऱ्या दिवशी पाराखाली चार जणांना ऐकवलं. एवढं कळतं तुला, आणि स्वतःच्या पायाच्या रकान्यात टिंबं देतेस!

गुरुवारी मी इथल्या हाडाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझा गुडघा दाखवायचं निमित्त केलं. त्यांना विचारलं, पळणाऱ्या मुलीची नडगी दुखते, काय असेल? त्यांनी उलट मलाच विचारलं, "दुखतं कुठं ते ती एका बोटानं दाखवते की तळव्यानं?" मला सांगता येईना. ते म्हणाले, नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर दुखत असेल, पळायला लागल्यावर दुखून नंतर कमी होत असेल, तर बहुतेक हाडावरचं आवरण आणि स्नायूंचा ताण. सराव कमी केला, बूट बदलले, की उतरतं. पण दुखणं एका बोटाखाली मावत असेल, तिथंच दाबल्यावर कळ येत असेल, रात्री निजल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसतही नाही. मग सहा ते आठ आठवडे पळणं बंद. आणि ती चीर तशीच अंगावर काढून पळत राहिलं तर हाड पुरतं मोडूही शकतं.

त्यांनी आणखी एक विचारलं. पाळी वेळेवर येते का? बापानं हे पत्रात लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. पण शरीराला लागतं त्यापेक्षा कमी खाऊन मुली पळत राहिल्या की आधी पाळी चुकते आणि मागोमाग हाडं ठिसूळ होतात, असं डॉक्टर म्हणाले. मग लाजून कसं चालेल? मला सांगू नकोस, आईला सांग. तिनं सप्टेंबरचा तुझा रिपोर्टही मला दाखवला. हिमोग्लोबिन १०.४. तुझ्या वयाच्या मुलीला किमान १२ हवं. आमच्या लॅबमध्ये मोहर सॉल्ट घेऊन परमँगनेटनं चंचुपात्रातलं लोह मोजायचो, परमँगनेट गडद म्हणून ब्युरेटमध्ये वरची कड वाचायची, हे मी पोरांना शंभरदा सांगितलंय. घरच्या पोरीच्या रक्तातलं लोह मात्र मला तीन महिन्यांनी कळतं! लोहाची गोळी तू चहाबरोबर घेतेस हेही आईकडूनच कळलं. चहातलं टॅनिन ते लोह अंगाला लागू देत नाही. लिंबू पिळून पाण्याबरोबर घे, चहा तासा-दोन तासांनी.

तुझा दिवस मी मनात मांडून बघितला. पावणेपाचला उठणं, मेहरूण तलावाकडे पळत जाऊन येणं, आंघोळीला रांग, आठचं लेक्चर, बारा ते तीन प्रॅक्टिकल उभ्यानं, पाचला पुन्हा मैदान, आठला मेस, मग जर्नल. यात धड जेवण एकच, तेही रात्रीचं, पातळ वरण आणि भात. प्रॅक्टिकलच्या आधी बॅगेतून केळी काढून खात जा. जळगावात राहून पोरगी उपाशी पळते, हे केळीवाल्यांच्या कानावर गेलं तर ते मला गावात राहू देणार नाहीत.

तू लपवतेस ते कशासाठी, हेही मला कळतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड तोंडावर आहे, आणि दुखतंय म्हटलं की कोच नाव कापतील. १५०० मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या, त्यात तुझे ५ मिनिटं १२ सेकंद. मागच्या महिन्यात ५:१४ आले तर तू दोन दिवस आईशी नीट बोलली नाहीस. यात माझाही हात आहे. विभागीय स्पर्धेत पहिली आलीस तेव्हा गल्लीभर पेढे मीच वाटले. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच सांगत सुटलो होतो, तू आतल्या खोलीत ऐकत असताना. आता पोर कुठल्या तोंडानं म्हणणार, नाना, माझा पाय दुखतोय? १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं, ही गोष्ट तुला मी किती वेळा ऐकवली असेल! त्यातून तू काय घेतलंस ते आता दिसतंय. पण ते घड्याळ विजेचं होतं. तुमच्या मैदानावर हातातलं स्टॉपवॉच, त्यात दाबणाऱ्याच्या अंगठ्याचीच सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकी चूक. ५:१२ की ५:१४, यातलं थोडं तुझं आणि थोडं त्या अंगठ्याचं.

बुधवारी पहिल्या एसटीनं मी निघतो. एरंडोलला गाडी फार थांबली नाही तर नऊच्या आत जळगावला पोचेन. तिथल्या डॉक्टरांची साडेदहाची अपॉइंटमेंट घेतली आहे, त्या दिवशी तुझं प्रॅक्टिकल नाही हे टाइमटेबलात बघूनच घेतली. नंतर तुझ्या कोचना भेटू. बोलायचं तू, मी बाजूला उभा राहीन. नाव कापलं तर कापू दे, पेढ्यांचे पैसे मी कोणाकडून परत मागणार नाही.

येताना सरावाची वही आण. दिवाळीनंतरची पानं फाडू नकोस आणि पांढऱ्या शाईनं खोडूही नकोस. एक आडवी रेघ मार आणि त्याखाली उद्या पहाटेची नाडी लिही, उठून बसायच्या आधी मोजलेली. जी येईल ती. पुढचा रकाना भरण्याआधी नडगीवर बोट फिरवून बघ.

आईचा निरोप नाही, ती रागावली आहे. तरी डबा तीच भरते आहे.

तुझे
नाना

ता. क. आजी कळण्याच्या पुऱ्या आणि सुकं पिठलं देते आहे. तिला तुझ्या पायाचं काही सांगितलेलं नाही. पण मी पत्र लिहितोय हे बघून म्हणाली, "तिले सांग, उतरताना भितले हात लावाले लाज कसानी?" म्हणजे त्या दिवशी पहाटे तीही जागीच होती.