घुमटाखालचा कारभार आणि इतिवृत्त

महोदय,

गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2023 आल्यापासून वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची निवडून येणारी सेनेट (अधिसभा) आणि सिंडिकेट (कार्यकारी समिती) गेली. कारभार बोर्ड ऑफ मॅनेजमेंटकडे, म्हणजे व्यवस्थापन मंडळाकडे आला. निवडणुकांतला गोंधळ पाहिलेल्यांना हायसे वाटले असेल. पण भांडणारा सदस्य निदान प्रश्न तरी विचारायचा! आता तेच काम कागदांनी करायला हवे.

माहिती अधिकार कायदा, 2005 मधील कलम 4(1)(ब) नुसार मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त लोकांना पाहता येते की नाही, हे संस्थेने स्वतःहून जाहीर करायचे असते. मात्र ‘विषय क्र. 7 मंजूर’ एवढीच ओळ पुरेशी नाही. मैदान किंवा सभागृह भाड्याने देताना सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, मुदत, दर आणि करार मोडण्याची अट ठरावातच हवी. मुदत लिहिली नाही की ‘तात्पुरता’ ताबा वर्षानुवर्षे हलत नाही.

दुरुस्तीचेही तसेच. 1881 साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची, आता विद्यापीठाकडे असलेली घुमटाची इमारत वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांनी आखली. अशा जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि विटा भुरभुरतात. म्हणून निविदेत चुन्याचे मिश्रण स्पष्ट लिहावे आणि बिल मंजूर होण्यापूर्वी वारसा-वास्तुतज्ज्ञाची सही घ्यावी. नवा अभ्यासक्रम मंजूर करतानाही आधी शिक्षकांची मंजूर पदे आणि प्रयोगशाळेची जागा तपासावी, मगच शुल्क ठरवावे. सध्या उलटेच चालते, असे वाटते.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा