चढवलंत आणि बाजूला झालात, त्याबद्दल

ती. मामा,
सा. न. वि. वि.

तबेल्यातली नोकरी सोडून तुम्ही गावी गेलात. हे पत्र नात वाचून दाखवेल असं धरून लिहिते. तिला म्हणावं, सावकाश वाच. तुम्ही अर्धी ऐकलेली एक गोष्टही यात आहे.

आधी आभार. पोलिओने माझे गुडघ्याखालचे पाय लहानपणीच गेले. तेव्हापासून मदतीला तोटा कधीच नव्हता. न विचारता दंड धरणारे, जिथे जायचंच नाही तिथे नेऊन सोडणारे खूप भेटले. तुम्ही मला ओट्यावरून उचलून खोगिरावर बसवलंत, रिकिबी सारख्या केल्यात. मग एक दिवस हातातली दोरी काढलीत, "आता तुमचं तुम्ही बघा, ताई" म्हणालात आणि रिंगणाबाहेर जाऊन बिडी पेटवलीत. (चाऱ्याच्या गंजीशेजारी! मालकांना मी अजून सांगितलेलं नाही.) मी घाबरून हाका मारल्या, तरी तुम्ही आला नाहीत. मामा, आभार त्या न येण्याचे.

माझ्या मोबाइलवरच्या फोटोतली ती बाई कोण, असं तुम्ही विचारलं होतंत. ती डेन्मार्कची लिस हार्टेल. १९४४ साली, तेविसाव्या वर्षी, दुसऱ्यांदा गरोदर असताना तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्मली, पण हिच्या गुडघ्याखालच्या पायांत बळ पुन्हा आलं नाही. तरी ती घोड्यावर बसली.

तिचा खेळ ड्रेसाज. त्यात शर्यत नाही, उड्या नाहीत. ठरलेल्या चाली घोड्याकडून करवून घ्यायच्या, आणि आपण इशारा केला हे बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. तुम्हीच सांगायचात, घोड्याशी निम्मं बोलणं पोटरी आणि टाचेने होतं. तिच्याकडे नेमकं तेच नव्हतं. मग पाठ आणि बैठकीचा तोल एवढ्यावर तिने आपल्या ज्युबिली घोडीला सगळं समजावलं.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ तोवर लष्करी अधिकाऱ्यांपुरताच होता. १९५२ साली हेलसिंकीला बायकांना पहिल्यांदा दार उघडलं, आणि हिने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्य घेतलं. गुण ५४१.५, तिसऱ्या आलेल्या फ्रेंच स्वाराचे ५४१. चढायला-उतरायला तिला माणूस लागायचा. पदक घ्यायच्या वेळी सुवर्णविजेत्या स्वीडनच्या हेन्री सेंट सिरने तिला हात देऊन वर चढवलं. लोकांना हाच प्रसंग आठवतो. मला विचाराल तर त्याआधीची मिनिटं मोठी. तेव्हा रिंगणात ती होती, घोडी होती आणि मदतीला कोणीही नव्हतं.

पुढे युरोपात अपंगांसाठी उपचार म्हणून घोडेस्वारी पसरली, त्यामागे तिचं उदाहरण होतं. म्हणजे फिरून फिरून तुमच्या ओट्यापर्यंत ती पोचलीच.

"मग बाई पहिली कधी आली?" हे तुमचं विचारणं राहून गेलं होतं. नाही आली, मामा. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियात परदेशी घोडे न्यायचे नियम कडक, म्हणून घोडेस्वारी स्टॉकहोमला झाली. तिथेही हिला रौप्य, आणि पुढे पुन्हा तोच सेंट सिर!

तुमच्या जागी आलेला पोरगा गुणी आहे, पण दोरी काही सोडत नाही. जमलं तर त्याला एक फोन करा.

आपली,
ताई