मुख्याध्यापिका बाईंस, एका आत्याकडून

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात दहावीची गुणपत्रिका घेण्यासाठी मी आपल्या कार्यालयात आले होते. बोलायचे बरेच ठरवून आले होते. पण आपण खुर्चीवरून उठून ‘बसा ना’ म्हणालात आणि माझा घसा असा दाटून आला, की नोंदवहीत सही करून, गुणपत्रिका पिशवीत घालून, ‘येते’ एवढेच म्हणत मी जिना उतरले. तोंडाने जे जमले नाही ते आता लिहून कळवते आहे.

माझा भाऊ 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. वहिनी त्याआधीच, मुलगा पहिलीत असताना गेलेली. त्या वर्षी नववीची परीक्षा झालीच नाही, सगळ्यांना वरच्या वर्गात घातले, त्यामुळे आपण दहावीत गेलो हे त्या मुलालाही नीट उमगले नव्हते. भावाचा फोन माझ्याकडे होता. तेराव्याच्या दिवशी घरात आम्ही चारच माणसे होतो, पाने वाढायला घेतली होती आणि त्या फोनवर भाच्याच्या तेव्हाच्या शाळेचा संदेश आला. थकबाकीदार पालकांची यादी साऱ्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली होती, तीत भावाचे नाव होते, आणि फी भरल्याशिवाय दहावीच्या ऑनलाइन वर्गाची लिंक मिळणार नाही असे खाली बजावले होते. शेवटी ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ हेही होते. दोन दिवसांनी मी फोन केला, तेव्हा नोंद असलेल्या पालकांनीच संपर्क साधावा, असे मला सांगण्यात आले. फी थकली होती हे खरे आहे, ती मागण्याचा शाळेचा हक्कही मी नाकारत नाही, आणि पुढे ती भरलीही. तरी त्या वाक्याला काय उत्तर द्यायला हवे होते, ते मला अजून सुचलेले नाही.

मुलाला मी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आणले आणि आपल्या शाळेत घातले. प्रवेशाच्या वेळी आपण काय काय धडपड केलीत ते आपल्याला ठाऊक आहे. तो तपशील इथे नको. मला लिहायचे आहे ते आपल्या शनिवारच्या संदेशांविषयी.

त्या दीड-दोन वर्षांत शाळांचे संदेश म्हणजे बहुधा पुढे ढकललेली परिपत्रके असत. आज शाळा उघडणार, उद्या नाही, परवा जिल्हा प्रशासन ठरवणार; जे वरून आले ते जसेच्या तसे पालकांच्या फोनवर ओतायचे आणि मोकळे व्हायचे, अशी रीतच पडली होती. आपण मात्र ते परिपत्रक स्वतः वाचून, त्यातले आम्हाला लागेल तेवढेच चार-पाच ओळींत, सरळ मराठीत लिहीत होता. एक संदेश मुलांना, एक आम्हाला. फीविषयीचा मजकूर गटावर कधीही आला नाही. रात्री नऊनंतर शाळेचा फोन वाजला नाही. या गोष्टी लहान वाटतात खऱ्या, पण आधीच्या अनुभवानंतर शाळेचे नाव पडद्यावर दिसले की माझ्या पोटात गोळा येत असे, आणि तो येण्याचे थांबायला दिवाळी उजाडली.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगते. 4 ऑक्टोबर 2021 रोजी शाळा प्रत्यक्ष सुरू होणार होत्या आणि त्यासाठी पालकांचे संमतिपत्र हवे होते. शाळेने दिलेल्या नमुन्यात ‘आईची / वडिलांची सही’ अशी ओळ होती. भाचा तो कागद घेऊन ओसरीवर बराच वेळ बसला होता. शेवटी त्याने तो माझ्यापुढे ठेवला आणि ‘यात काय खोडायचं?’ असे विचारले. मी काहीच खोडले नाही. त्या ओळीच्या खाली माझी सही केली आणि कंसात ‘आत्या’ लिहिले. एवढेच घडले. याबद्दल मी आपल्याला काही कळवले नाही, आणि तोही शाळेत बोलला नसणार, कारण तो बोलतच नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारच्या संदेशात ‘आई-वडिलांनी’ हा शब्द नव्हता. ‘घरातील मोठ्या माणसांनी’ असे होते. पुढच्याही आठवड्यात तसेच, आणि नंतर वर्षभर तसेच. मला वाटले, सहज झाले असेल. पण जानेवारीत शाळा पुन्हा बंद होऊन पुन्हा उघडल्या, नवे संमतिपत्र घरी आले, आणि त्यात ती जुनी ओळ गेलेली होती. तिच्या जागी ‘घरातील जबाबदार व्यक्तीचे नाव व विद्यार्थ्याशी असलेले नाते’ असा रकाना होता. जुन्या नमुन्याच्या छापील प्रती शिल्लक होत्या, तरी बाईंनी नवा नमुना काढायला लावला, हे मला कार्यालयातील लिपिकांकडून फार उशिरा कळले. आपण त्या मुलाला केबिनमध्ये बोलावून पाठीवरून हात फिरवला असता तरी मी आभारच मानले असते, पण मग वर्गातील सगळ्यांना कळले असते की याला का बोलावले. आपण एका मुलासाठी सगळ्यांचा कागद बदललात, त्यामुळे तो एकटा पडला नाही. त्या दिवशी नात्याच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने, पेन दाबून, ‘आत्या’ असे लिहिले, आणि सहीसाठी कागद माझ्याकडे दिला तेव्हा कुठे काय खोडायचे हे त्याला विचारावे लागले नाही.

माणसाला शोभेल असे वागायला पैसे लागत नाहीत, असे आपण ऐकत आलो आहोत. वेळ मात्र लागतो, आणि समोरच्याचा कागद नीट वाचावा लागतो. बहुतेक ठिकाणी तेवढेच होत नाही.

परीक्षेच्या काळातील आपले संदेश मी अजून पुसलेले नाहीत. मंडळाने लेखनासाठी अर्धा तास वाढवून दिला, तेव्हा तुम्ही मुलांना लिहिले होते की दोन वर्षे फोनवर शिकून बोटे लिहिणे विसरली आहेत, म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास पेनाने काहीही लिहा, अगदी किराणा मालाची यादी सुद्धा. आमच्या घरात त्या महिन्यात वाण्याची यादी शुद्धलेखनासारखी लिहिली जात होती! 15 मार्चला मराठीचा पहिला पेपर होता. आदल्या दिवशी आम्हाला आलेल्या संदेशात एकच विनंती होती, की मूल फाटकातून बाहेर येताच पेपर कसा गेला हे विचारू नका, आधी पाणी द्या. मी पाणी दिले. अर्ध्या वाटेवर तोच सांगू लागला.

आणि 17 जूनला, राज्याचा निकाल 96.94 टक्के लागल्याच्या बातम्या सगळीकडे फिरत होत्या, तेव्हा आपला पहिला संदेश उरलेल्या मुलांसाठी होता: ज्यांचा विषय राहिला आहे त्यांनी पुरवणी परीक्षेच्या अर्जासाठी केव्हाही यावे, मी सहापर्यंत शाळेतच आहे. अभिनंदनाचा संदेश नंतर आला. भाचा उत्तीर्ण झाला होता, तरी त्याने मला तो पहिलाच संदेश वाचून दाखवला.

बाई, एक विनंती करून थांबते. ते जानेवारीतील संमतिपत्र शाळेच्या फायलीत कुठेतरी असेल. जुने कागद रद्दीत काढण्याची वेळ येईल तेव्हा त्या एका पानाची प्रत मला मिळाली, तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. या वेळी बसेनही.

आपली कृतज्ञ,
दहावी ‘ब’मधील एका विद्यार्थ्याची आत्या
2022