बाथला जाता, तर हर्शेलचे तळघरही पाहा

माननीय संपादक, स. न.

उन्हाळी सुट्टीतल्या इंग्लंडच्या सहली बाथ गावात रोमन स्नानगृहे दाखवतात आणि पुढे निघतात. तिथून थोडे चालले की १९, न्यू किंग स्ट्रीट हे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचे घर लागते. आता तिथे संग्रहालय आहे. याच घराच्या मागच्या बागेतून त्याला १३ मार्च १७८१ रोजी युरेनस दिसला.

बहुतेक जण सात फुटी दुर्बिणीच्या प्रतिकृतीसमोर फोटो काढून परततात. बघायची खरी जागा खाली, बागेलगतची कार्यशाळा. हा शोध नशिबाने लागला असे अजूनही लिहिले जाते. ते आम्हाला पटत नाही. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडने १६९० मध्येच युरेनस पाहिला, पण तारा म्हणून नोंदला. तारा नुसता ठिपका दिसतो; हर्शेलला तो बारीक तबकडीसारखा दिसला, कारण त्याने दुर्बिणीसाठी स्वतः घासलेला ६.२ इंची आरसा तेवढा नेमका होता.

हा आरसा काचेचा नव्हता, तांबे आणि कथिलाच्या मिश्रधातूचा होता. कथिल वाढवले की चकाकी येते, पण धातू ठिसूळ होतो आणि भरभर थंड झाल्यास तडकतो. शिवाय तो हवेने काळवंडतो. पुन्हा पॉलिश केले की पॅराबोलाचा, म्हणजे प्रकाश एका बिंदूत आणणाऱ्या खोलगट वक्राचा, आकार बिघडतो, म्हणजे निम्मे काम परत आलेच. आज काचेवरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर काढून नवा चढवतात, आकाराला धक्का लागत नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या कार्यशाळेत ज्यांनी आरसा घासला आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल.

ऑगस्ट १७८१ मध्ये इथे तीन फूट व्यासाचा आरसा ओतायचा प्रयत्न झाला. साच्यासाठी घोड्याची लीद कॅरोलाइनने, म्हणजे हर्शेलच्या बहिणीने, कुटून चाळली होती. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या खेपेला भट्टी गळली आणि वितळलेला धातू दगडी फरशीवर पसरला. अशा वेळी दगडातल्या ओलीची एकदम वाफ होते. फरशी फुटून तुकडे छतापर्यंत उडाले. ती तडकलेली फरशी आजही तिथेच आहे.

लंडनच्या पॅडिंग्टनहून बाथ स्पा स्थानक रेल्वेने सुमारे दीड तासावर आहे. घर लहान, जिने अरुंद; मोठा गट असेल तर आधी विचारून ठेवावे. उघडण्याचे दिवस बदलत असतात, ते संकेतस्थळावर पाहूनच निघावे. सहल कंपन्यांनी बाथमधला मुक्काम तासभर वाढवला तरी हे सहज जमेल.

आपले,
काही हौशी दुर्बीणकार, पुणे