फोनवर जमलं नाही म्हणून

सांगली, रविवार

प्रिय दोस्ता,

परवा तू म्हणालास, "तुला काय कमी आहे रे? मन घट्ट कर." मायेनंच बोललास, पण फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

तुला वाटतं मी दुःखी आहे. दुःख असतं तर रडलो तरी असतो. गेल्या उन्हाळ्यात यार्डात हळदीचे सौदे चालायचे, अंगभर पिवळी धूळ, आणि भाव चढला काय, पडला काय, मला काहीच वाटायचं नाही. आंघोळीची बादली भरायची आणि पुढचं सुचायचं नाही, तसाच बाहेर यायचो. पहाटे तीनला जाग, मग उजाडेपर्यंत एकच विचार: आपण सगळ्यांना जड झालोय. दुकानात मात्र हसून बोलायचो, म्हणून तुलाही पत्ता लागला नाही.

आईला वाटलं, बाहेरचं काहीतरी आहे. तिचं मन मोडवेना म्हणून देवऋष्याकडंही गेलो. त्यात दोन महिने गेले, त्याची चुटपुट अजून आहे. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. थायरॉईड बिघडला तरी असं होऊ शकतं. मग विचारलं, दोन आठवड्यांहून जास्त झाले का? म्हटलं, चार महिने. डिप्रेशन हे नाव कळलं तेव्हा खरंच हलकं वाटलं. मी आळशी नव्हतो, आजारी होतो.

गोळ्यांची सवय लागते म्हणालास. दारूसारखी तलफ येत नाही त्यांची. फक्त आपल्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. पहिले तीन आठवडे मला नुसती मळमळ. सोडणारच होतो. मग एके सकाळी चहात आलं जास्त पडलंय हे जाणवलं. कितीतरी दिवसांनी चव लागली होती. बायकोला सांगितलं तर ती रडायलाच लागली.

एक गोष्ट तुला आधीच सांगायला हवी होती. एका रात्री जगू नये असं वाटलं. तेव्हा १४४१६ ला फोन केला. सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. नंबर लिहून ठेव. आणि शंका आली तर मला सरळ विचार, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, कुणी विचारलं की बोलता येतं.

दिवाळीत येशील तेव्हा हरिपूरला संगमावर जाऊ. बोललो तर ऐक. नाही बोललो, तर नुसता शेजारी बस.

तुझाच,
दोस्त