कागद माझ्याकडे फिरवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

त्या दिवशी मी रडायच्या बेतात होते, हे तुमच्या लक्षात आलं असणारच. औषधांच्या चिठ्ठीचं मॉडेल माझ्याकडे होतं. चिठ्ठी, तिच्यातल्या मात्रा, औषध, रुग्ण अशी यूएमएल आकृती (सॉफ्टवेअरचा आराखडा चौकोन आणि रेषांनी दाखवणारी), तिच्यावर ओसीएलमध्ये, म्हणजे अशा आकृत्यांवरचे नियम लिहायच्या भाषेत, लिहिलेले नियम, आणि त्यातून आपोआप तयार होणारा कोड. म्हणजे नियम चुकला की चूक थेट कोडमध्ये उतरणार. माझा इन्व्हेरियंट, म्हणजे कायम खरा राहायला हवा असा नियम, साधा होता: दिवसभराच्या मात्रांची बेरीज कमाल मर्यादेच्या आत हवी. टेस्ट सगळ्या हिरव्या. तरीही मर्यादा ओलांडणारी एक चिठ्ठी बिनबोभाट पुढे गेली. नशीब, चाचणीतलीच होती.

तुमच्याआधी तिघांकडे जाऊन आले होते. एकाने मान वर न करता सांगितलं, "स्पेसिफिकेशन वाच." (वाचलं होतं. दोनदा.) दुसऱ्याच्या मते हे नियम म्हणजे आकृतीवरची नक्षी, कोडमध्ये एक इफ टाकला की काम भागतं. तिसऱ्याचा तर या घोळात हातच होता. काही आठवड्यांपूर्वी टूल प्रकार जुळत नाही म्हणून तक्रार करत होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "नियमात अ‍ॅज-सेट ही क्रिया लाव, गप्प बसेल." लावलं. गप्प बसलं. आता मात्र तो म्हणाला, "गणित कच्चं असेल तर या वाटेला जाऊ नये."

हे वाक्य फार लागलं. ओसीएल ही भाषा १९९५ च्या सुमारास आयबीएममध्ये आकाराला आली आणि १९९७ मध्ये यूएमएल १.१ बरोबर सगळ्यांसमोर आली. जड गणिती चिन्हांत न मुरलेल्या माणसालाही वाचता-लिहिता यावी, हाच तर तिच्यामागचा हेतू. आणि तीच माझ्या तोंडावर दार आपटायला वापरली गेली.

तुम्ही माझा नियम एकदा वाचलात. चूक तुम्हाला तिथेच दिसली असणार, आता मला याची खात्री आहे. पण तुम्ही बोलला नाहीत. पेन्सिलने दोन चौकोन काढलेत. एकात 'सकाळ, ५', दुसऱ्यात 'रात्र, ५', आणि बाजूला 'कमाल ८'. मग कागद माझ्याकडे फिरवलात, पेन्सिल त्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "बेरीज कर."

मी १० लिहिलं.

"आता तुझा नियम करतो तशी कर."

मला वेळ लागला. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात, माझ्या कीबोर्डला हातही लावला नाहीत. मग एकदम डोक्यात उजेड पडला. चिठ्ठीतल्या मात्रा म्हणजे सेट, एक गोष्ट एकदाच ठेवणारा संच, ठीक. पण प्रत्येक मात्रेचं प्रमाण गोळा केलं की ओसीएल बॅग देते, म्हणजे तीच किंमत पुन्हा आली तरी ठेवणारा संग्रह, कारण दोन वेगळ्या मात्रांचं प्रमाण सारखं असू शकतं. त्या बॅगचा मी अ‍ॅज-सेट लावून सेट केला होता. सेटमध्ये ५ एकदाच राहतो. म्हणजे माझ्या नियमाच्या लेखी रुग्णाने दिवसभरात ५ च घेतले, आणि ५ तर ८ च्या आतच! टेस्टमधल्या मात्रा मीच भरल्या होत्या, सगळ्या वेगवेगळ्या. टूल तक्रार करत नव्हतं हो, सावध करत होतं.

नंतर तेच दोन चौकोन आपण यूजमध्ये उभे केले, त्या ब्रेमेन विद्यापीठातल्या, मॉडेल तपासायच्या टूलमध्ये. जुना नियम पास. अ‍ॅज-सेट काढून बॅगचीच बेरीज घेतली, आणि तीच स्थिती नापास. नापास बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. तेव्हापासून नियम लिहायच्या आधी तो मोडणारं चित्र काढते.

पण आभार त्या युक्तीचे नाहीत, कागद फिरवण्याचे आहेत. उत्तर माहीत असताना ते दुसऱ्याला सापडेपर्यंत गप्प बसणं फार थोड्यांना जमतं. हुशार माणसं आपल्या क्षेत्रात रगड आहेत, समोरच्याला लहान न करता हुशार असणारी मोजकीच. ओसीएलचा नियमसुद्धा मॉडेलमध्ये काही बदलत नाही, फक्त बघतो आणि खरं की खोटं ते सांगतो. तुम्ही तर तेही मलाच सांगायला लावलंत.

उठताना तुम्ही विचारलं होतंत, "आणि चिठ्ठीत एकही मात्रा नसेल तर?" तेव्हा मी नुसती मान हलवली होती. उत्तर आता देते. बेरीज ० येते, म्हणून पहिला नियम पास. 'प्रत्येक मात्रेला डॉक्टरांची मंजुरी हवी' हा फॉरऑलचा, म्हणजे 'प्रत्येकासाठी'चा, नियमही पास, कारण रिकाम्या संचावर फॉरऑल खराच ठरतो. कोरी चिठ्ठी दोन्ही नियमांतून सुटत होती. त्यासाठी तिसरा नियम लिहिला नाही मॅडम. आकृतीत चिठ्ठी आणि मात्रा यांच्यातल्या रेषेवर मात्रांच्या टोकाला किमान ० होतं, तिथे १ केला.

तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे.