फियाट विकू नका, बाबा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन आला. फियाटचं रजिस्ट्रेशन संपत आलंय, आता दहा हजार फी पडते, त्यापेक्षा ती विकून टाकू, असं त्याचं म्हणणं. बाबा, तुम्ही नुसतं "बघू" म्हणालात म्हणे. तुमचं "बघू" मला कळतं. म्हणून रात्री वही घेऊन बसले.

2021 मध्ये आपण 600 रुपये भरले होते. एप्रिल 2022 पासून त्याचे 5,000 झाले, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10,000. वर पर्यावरण कर वेगळा. आकडा डोळ्यांवर येतो खरा, पण फी पाच वर्षांची आहे. महिन्याला पावणेदोनशेसुद्धा पडत नाहीत.

आता माझ्या गाडीचं ऐका. शोरूमची किंमत सात लाख. तीन वर्षं उलटली की विम्याच्या हिशेबात सरळ 40 टक्के वजा, म्हणजे उरले 4 लाख 20 हजार. महिन्याला जवळजवळ 7,800 रुपये गेले, पार्किंगमध्ये नुसती उभी असली तरी. पेट्रोल, हप्त्याचं व्याज यात धरलेलंच नाही. फियाटची किंमत उतरायची ती केव्हाच उतरून गेली.

गेल्या पावसाळ्यात रिक्षाचा धक्का लागून माझा हेडलाइट फुटला. काच वेगळी मिळत नाही, अख्खा संच बदलावा लागला, अठरा हजार! तेव्हा तुमची फार आठवण झाली. गोल दिव्याची रिंग काढून तुम्ही बल्ब बदलायचात, मी टॉर्च धरायचे, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून ते आईच्या करंड्याच्या झाकणात ठेवायचे. हळदीकुंकवाचे डाग त्या स्क्रूंना कायम असायचे.

पण बाबा, एक गोष्ट मनापासून सांगते. फियाटला चारी चाकांना जुन्या धाटणीचे ड्रम ब्रेक. सीटचे पट्टे नाहीत, एअरबॅग नाही. माझ्या गाडीत हे सगळं आहे, म्हणून ते 7,800 मला जड वाटत नाहीत. आई, तुझ्या डोळ्यांच्या तपासणीला कराडहून मिरजेला फियाटने जायचं नाही. त्या दिवशी मी ठाण्याहून गाडी घेऊन येईन; जमलं नाही तर भाड्याची गाडी करा, पैसे मी पाठवीन. बाबांचा गुडघा क्लच दाबून दुखतो, हे तू मला सांगितलंस म्हणून कळलं, ते स्वतः सांगणार नाहीत.

गावातल्या गावात, रविवारी मंडईत, प्रीतिसंगमावर फियाट खुशाल न्या. पासिंगचे आणि कराचे पैसे माझे, यावर वाद घालू नका. फक्त आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप आणि पंपाचा पडदा मेस्त्रींकडून एकदा बघून घ्या, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका.

दादाला मी समजावते. 2036 ला फियाटची पन्नास वर्षं भरतील, मग ती सरकारी नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते.

ब्रेकच्या व्हील सिलिंडरची रबरं कुर्ल्यात मिळतील, तिथल्याच कारखान्यात ती गाडी बनली. माप कागदावर लिहून फोटो पाठवा, दिवाळीला येताना घेऊन येते.

तुमची,
ताई